सारखा बिघडणारा घरचा कॉम्प्युटर: दुरुस्त करावा की बदलावा?

कॉम्प्युटर एकदाच कायमचा बंद पडला तर निर्णय त्यामानाने सोपा असतो. छळतो तो अर्धवट चालणारा. दोन दिवस सुरळीत, तिसऱ्या दिवशी हँग. दुरुस्तीवाल्याकडे नेला की व्यवस्थित चालतो, घरी आणला की पुन्हा तेच रडगाणं. मग एक जण सांगतो फॉरमॅट मारा, दुसरा सांगतो रॅम वाढवा, तिसरा सांगतो भंगारात काढा आणि नवा घ्या. बिघाड कुठल्या भागात आहे हे मात्र या तिघांपैकी कोणीच पाहिलेलं नसतं.

दुरुस्ती की नवा, हा प्रश्न नंतरचा. आधी दुखणं कुठे आहे ते शोधायचं. हे शोधकाम बहुतेक वेळा घरच्या घरी आणि फुकटात होतं, आणि ते झालं की पुढचा निर्णय फार डोकं न खाता घेता येतो. निर्णयासाठी मी एकच कसोटी लावतो: ज्या भागावर पैसे घालायचे आहेत तो उद्या मशीन बदललं तर नव्या मशीनमध्ये नेता येईल का? नेता येत असेल तर बिनधास्त घाला. या मशीनबरोबरच तो संपणार असेल तर हात आखडता घ्या. ही कसोटी कशी वापरायची ते पुढे भागागणिक येईलच.

सगळ्यात आधी डेटा

काहीही उघडण्याआधी, तपासण्याआधी, फॉरमॅटचा विचारही करण्याआधी फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मशीन आज चालू आहे म्हणजे उद्या सकाळी चालू होईल याची खात्री नाही. डिस्कच आजारी असेल तर तपासणीचा ताणही तिला सोसत नाही. विशेषतः चेकडिस्कचं (विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या साधनाचं) पूर्ण स्कॅन, म्हणजे ‘आर’ हा पर्याय लावून केलेलं, डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून काढतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर बॅकअपआधी ते चालवणं म्हणजे उरलीसुरली संधी घालवणं.

कॉपी करताना एखादा फोल्डर अडकून बसला तर त्याच्याशी झटापट करत बसू नका. तो सोडून बाकीचं आधी उतरवा, अडकलेल्याकडे शेवटी या.

आणखी एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये, आणि काही डेस्कटॉपमध्येही, डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा सोयीने कुलूपबंद केलेली असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदलला, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, काही वेळा बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एखादी सेटिंग हलवली, तरी तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. मशीन चालू आहे तोवर शोधून कागदावर उतरवून ठेवा. ती की हाताशी नसली तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता येत नाही.

बिघाड केव्हा होतो?

‘कधीही होतो’ हे उत्तर सगळे देतात आणि ते सहसा खरं नसतं. मशीनजवळ एक वही ठेवा आणि दर वेळी लिहा: चालू केल्यापासून किती वेळाने झालं, तेव्हा काय चाललं होतं, नेमकं काय दिसलं. ‘बंद पडला’ या एका शब्दात चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. प्लग उपटल्यासारखा क्षणात काळोख झाला, की निळी स्क्रीन आली, की चित्र गोठलं आणि माउसही हलेना, की माउस हलतोय पण काही उघडत नाही? पहिल्यात संशय विजेवर आणि उष्णतेवर, दुसऱ्यात रॅम, ड्रायव्हर (विंडोजला एखादा भाग चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) किंवा डिस्कवर. तिसऱ्यात ग्राफिक्स, रॅम, मदरबोर्ड यांपैकी काहीही असू शकतं. चौथा प्रकार बहुतेक वेळा डिस्कचा असतो.

वहीच्या जोडीला विंडोज स्वतःही नोंदी ठेवत असतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. दिवसागणिक लाल फुल्या दिसतात आणि फुलीवर क्लिक केलं की त्या दिवशी काय कोसळलं ते कळतं. लाल फुल्या एखाद्या ठरावीक तारखेपासूनच सुरू झाल्या असतील तर त्याच सुमाराला कुठलं अपडेट, कुठला ड्रायव्हर किंवा कुठलं नवं सॉफ्टवेअर आलं ते तिथेच बघा. हे पान फार कमी लोक उघडतात आणि निम्मा उलगडा तिथेच होतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या सविस्तर नोंदवहीत, खोल शिरायचं असेल तर ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हमखास सापडेल. ती पाहून ‘पॉवर सप्लाय गेला’ असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. मात्र तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर निळी स्क्रीन यायच्या आतच सगळं थांबलं होतं, किंवा मशीन गोठलं आणि कोणीतरी बटण दाबून धरून बंद केलं. ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) या नावाच्या नोंदी दिसल्या तर लक्ष द्या, कारण त्या हार्डवेअरनेच दिलेल्या तक्रारी असतात.

विंडोजचा दोष की हार्डवेअरचा?

यासाठी दोन चाचण्या पुरेशा आहेत आणि दोन्हीसाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

पहिली: मशीन चालू करून बायोसच्या सेटअपमध्ये जा आणि तासभर तसंच राहू द्या. तिथे विंडोज नसतं, ड्रायव्हर नसतात, व्हायरस नसतो. त्या स्क्रीनवरही मशीन गोठलं किंवा बंद पडलं तर विंडोजचा विषय तिथेच मिटला. आता वीज, उष्णता, रॅम आणि मदरबोर्ड एवढंच उरलं.

दुसरी: एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका (पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या) आणि इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालवा. आतल्या डिस्कला हात न लावता पूर्ण कॉम्प्युटर वापरता येतो. त्यावर नेहमीचं काम करा, व्हिडिओ लावा, अर्धा दिवस चालू ठेवा. विंडोजवर हमखास येणारा बिघाड इथे येत नसेल तर दोष विंडोज, ड्रायव्हर किंवा डिस्क या तिघांत आहे. इथेही तसाच येत असेल तर फॉरमॅट मारून काहीही साधणार नाही.

फॉरमॅटबद्दल माझं मत ठाम आहे. संशय सॉफ्टवेअरवर असेल तर बॅकअप घेऊन एकदा स्वच्छ विंडोज टाकावं, त्यात वावगं काही नाही. त्याआधी एसएफसी आणि डिझम ही विंडोजची स्वतःची दुरुस्तीची साधनं चालवून पाहावीत, दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एक काढावा, सी ड्राइव्ह ठासून भरला असेल तर मोकळा करावा. पण स्वच्छ विंडोज टाकल्यावरही तोच बिघाड परत आला तर दुसऱ्यांदा फॉरमॅट मारण्यात काहीच अर्थ नाही. तरीही लोक तेच करतात, कारण फॉरमॅटनंतर चार दिवस मशीन हलकं वाटतं आणि दुखणं गेलं असा भास होतो.

डिस्क: सगळ्यात जास्त छळणारा भाग

घरच्या जुन्या मशीनबद्दलच्या तक्रारी पाहिल्या तर त्यातल्या फार मोठ्या भागाचं मूळ फिरत्या हार्ड डिस्कमध्ये सापडतं. त्यातही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क आजारी असणं ही एक, आणि डिस्क निरोगी पण मुळातच संथ असणं ही दुसरी.

आधी संथपणाचं बघू. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या, डिस्कला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो डेटा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय डोकं सरकायला वेळ लागतो तो वेगळा. म्हणून विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचनं करते. साध्यातली साधी एसएसडीही (फिरता भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) हजारोंनी करते. आजचं विंडोज सुरू होताना अशा छोट्या फायलींचा पाऊस पाडतं, त्यामुळे निरोगी हार्ड डिस्कसुद्धा टास्क मॅनेजरमध्ये बराच वेळ १०० टक्के दिसते. हा बिघाड नव्हे. एसएसडी बसवली की अशा मशीनचा कायापालट होतो. वर सांगितलेल्या कसोटीला ती उतरतेही: उद्या मशीन बदललं तरी एसएसडी बरोबर नेता येते, गेला बाजार एका साध्या डबीत घालून बाहेरची डिस्क म्हणून तरी वापरता येते. मशीन जुनं आहे पण बाकी धडधाकट आहे, फक्त स्लो आहे, अशा वेळी नवा कॉम्प्युटर घेण्याआधी एसएसडी टाकून पाहाच.

आजारी डिस्कची खूण वेगळी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण वाचनाचा वेग शून्याच्या आसपास आणि सरासरी रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत. डिस्क एकाच खराब जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते आणि अख्खं विंडोज तिच्यासाठी खोळंबून राहतं. खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. वरचा निळा ‘गुड’ पाहून समाधान मानू नका, खालचे आकडे वाचा. हार्ड डिस्कसाठी तीन ओळी महत्त्वाच्या: ०५, म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा, सी५, म्हणजे वाचता न आल्याने प्रतीक्षेत ठेवलेल्या जागा, आणि सी६, म्हणजे वाचताच न आलेल्या जागा. हे आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे अंक आणि इंग्रजी अक्षरं मिसळून लिहिलेले, दिसतात, पण शून्य हे शून्यच असतं. तिन्ही ओळींत नुसती शून्यं असली तर बरं. ०५ मध्ये थोडा आकडा आहे आणि महिनोन् महिने तेवढाच आहे, तर नजर ठेवून डिस्क वापरता येते. आकडा आठवड्याला वाढत असेल किंवा सी५ मध्ये काही दिसत असेल तर त्या डिस्कवर विसंबू नका, ती बदलायचीच. डिस्क गेली म्हणून मशीन मात्र बदलायची गरज नसते.

आणि एक चौथी ओळ, सी७. ती मी मुद्दाम वेगळी काढली आहे. माझ्या आत्याच्या घरचा डेस्कटॉप मध्येच अर्धा मिनिट गोठायचा आणि मग आपोआप चालू लागायचा. हार्ड डिस्क गेली, नवी घ्या, असा सल्ला तिला मिळालेला होता. आकडे पाहिले तर ०५, सी५, सी६ तिन्ही ठिकाणी शून्य, सी७ मात्र भरगच्च. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे डिस्ककडून उत्तर न मिळाल्यामुळे विंडोज तिला रीसेट करत होतं. सी७ ही ओळ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यावर झालेल्या चुका मोजते. तो रस्ता म्हणजे साटा केबल. केबल काढून पाहिली तर कॅबिनेटच्या झाकणाखाली दाबली जाऊन कनेक्टरपाशी घट्ट दुमडलेली होती आणि टोकाची क्लिप तुटल्यामुळे नीट बसतही नव्हती. केबल बदलली, दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, गोठणं थांबलं. सी७ चा आकडा परत शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला म्हणजे झालं. त्या डेस्कटॉपवर हिशेबाचं सगळं काम आजही चालतं.

एसएसडीचं वागणं याहून वेगळं. तिची ‘हेल्थ’ टक्क्यांत दिसते, पण एसएसडी कधी कधी काहीही न कळवता एका क्षणात गायब होते. बायोसमध्ये ती मधूनमधून दिसेनाशी होत असेल तर आधी नीट बसवून, जागा बदलून पाहा. तरीही तेच होत असेल तर ती गेली असं धरून चाला.

रॅम

रॅमचा बिघाड ओळखायची खूण म्हणजे त्यात काहीच संगती नसते. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा आणखी तिसरीच निळी स्क्रीन. ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळतात, मोठी झिप फाइल उघडताना खराब असल्याचं सांगते आणि पुन्हा उघडली तर नीट उघडते.

बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी प्रोफाइल चालू असेल तर ते बंद करा. मशीन बंद करून, प्लग काढून, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवा. नुसतं एवढ्यानेही पुष्कळ मशीन सुधारतात. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणीही आहे, पण तिच्यातून निसटणारे दोष मेमटेस्ट पकडतं. इथे पास होण्याचे गुण नसतात: एक जरी लाल ओळ आली तरी काहीतरी चुकतं आहे. नंतर एकेक पट्टी लावून तपासा. चूक पट्टीबरोबर फिरत असेल तर पट्टी खराब. पट्टी कुठलीही लावली तरी एकाच स्लॉटमध्ये चूक येत असेल तर मदरबोर्ड.

बदलायचा प्रश्न आला की पिढी बघा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर३ चं मशीन असेल तर घेतलेली रॅम पुढच्या मशीनमध्ये जाणार नाही, तेव्हा मोडलेली पट्टी वापरलेल्या पट्टीने बदलण्यापुरतंच बघा, ‘घेतोच आहे तर दुप्पट घेऊ’ असं करू नका.

उष्णता आणि वीज

व्हिडिओ कॉल, गेम किंवा मोठं काम सुरू केल्यावर थोड्याच वेळात मशीन मंदावतं आणि मग धाडकन बंद पडतं, लगेच चालू केलं तर पुन्हा बंद पडतं, थोडं थांबून चालू केलं तर चालतं. हे लक्षण उष्णतेचं. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून तापमान बघा. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचले की ते आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद करतात. कॅबिनेट उघडून पंखा फिरतो का, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला आहे का ते पाहा. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते; ती पुसून नवी लावली की तापमान बरंच उतरतं. हे काम स्वस्तातलं आहे, त्यासाठी मशीन बदलणं हा अन्याय आहे.

तापमान ठीक असूनही मशीन क्षणात काळं पडत असेल तर विजेकडे या, आणि सुरुवात भिंतीपासून करा. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली की लाइट नुसती लुकलुकली तरी मशीन बंद पडतं, आणि दोष मात्र कॉम्प्युटरला लागतो. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून थेट दुसऱ्या सॉकेटवर काही दिवस चालवून बघा.

मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा. डेस्कटॉपसाठीच्या एटीएक्स मानकाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांच्या आत राहायला हवी, म्हणजे ११.४ ते १२.६. ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५. बायोसमध्ये हे आकडे दिसतात पण त्यांवर फार भरवसा ठेवू नये, मल्टिमीटरने मोजलेलंच खरं. तेही मशीनवर काम चालू असताना, कारण नुसतं चालू ठेवल्यावर ठीक दिसणारा एसएमपीएस ओझं पडलं की कोलमडतो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणं. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर जीवघेणा विद्युतभार धरून ठेवू शकतात. एसएमपीएस दुरुस्त न करता बदलायचाच, आणि चांगल्या दर्जाचा घ्यायचा. साध्या एटीएक्स मापाचा असेल तर तो पुढच्या मशीनमध्येही चालू शकतो. हलक्या एसएमपीएसवर वाचवलेले पैसे मदरबोर्ड आणि डिस्क जाळून वसूल होतात.

मदरबोर्ड: इथे थांबा

डिस्क बदलली, चार दिवसांनी यूएसबी पोर्ट गेले. ते सोडून दिले तर रॅमचा एक स्लॉट चालेना. बायोसचा सीआर२०३२ सेल नवा घातला तरी तारीख मागे जाते. सकाळी बटण दाबलं तर पहिल्यांदा चालू होत नाही, दोन-तीनदा दाबल्यावर होतं. बिघाड असा जागा बदलत फिरायला लागला आणि एसएमपीएस बदलूनही थांबला नाही, की समजायचं मूळ मदरबोर्डमध्ये आहे. कॅबिनेट उघडून बोर्डावरचे उभे गोल कॅपॅसिटर नीट न्याहाळा. त्यांचा माथा सपाट असायला हवा. फुगून वर आला असेल, फुलीच्या खाचेतून तपकिरी द्रव येऊन वाळला असेल, तर बोर्ड शेवटच्या घटका मोजतो आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बोर्डांवर सदोष कॅपॅसिटरची अशी साथच आली होती. आताच्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कॅपॅसिटर असतात, त्यामुळे हे दृश्य कमी झालं आहे, संपलेलं नाही.

जुन्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड नवा सहसा मिळत नाही. मिळतो तो कुणाच्या तरी मशीनमधून काढलेला, म्हणजे तेवढाच म्हातारा. आजच्या पिढीचा बोर्ड घ्यायचा तर प्रोसेसर आणि रॅमही त्याच्याबरोबर बदलावे लागतात, आणि मग जुन्यातलं उरतं काय, तर कॅबिनेट, एसएमपीएस आणि डिस्क. शिवाय मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स मूळ बोर्डाशी बांधलेलं असतं. म्हणून हमी संपलेल्या मशीनचा मदरबोर्ड गेला की मी दुरुस्तीचा सल्ला देत नाही. मशीन दोन-तीन वर्षांचंच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी हमीची कागदपत्रं शोधा.

लॅपटॉपमध्ये हीच रेघ लवकर येते. डिस्क, बॅटरी, कीबोर्ड, पंखा, स्क्रीन बदलता येतात. स्क्रीन काळी असेल तर आधी बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. तिथे चित्र स्वच्छ दिसलं तर बोर्ड शाबूत आहे, दोष पॅनेलचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा आहे. पण रॅम बोर्डावरच डकवलेली असेल आणि तीच गेली, किंवा आत चहा-पाणी सांडून गंज धरला, तर बिघाड पसरत जातो आणि दुरुस्ती टिकत नाही. आणि एक खूण धोक्याची: टचपॅडचं बटण अचानक कडक झालं, दाबलं जाईना, किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना, तर बॅटरी फुगलेली असते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरीला टोचू-दाबू नका, आणि ती काढेपर्यंत वापरू नका. बॅटरी बदलली की तोच लॅपटॉप पुढे चालू शकतो.

हिशेब कसा मांडायचा

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर गेला तर नवा घ्यावा, असा एक ढोबळ नियम सगळे सांगतात. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात वर्षं धरलेली नाहीत. नव्या मशीनची किंमत १०० धरा आणि ते ६ वर्षं चालेल असं माना: वर्षाला साधारण १७ पडले. दुरुस्तीला ३० लागणार आणि त्यानंतर मशीन वर्षभरच ओढणार, तर वर्षाला ३० पडले. ‘निम्म्याहून कमी’ असूनही ही दुरुस्ती महाग आहे. उलट १५ मध्ये एसएसडी बसवून मशीन ३ वर्षं चालणार असेल तर वर्षाला ५, आणि वर एसएसडी शिल्लक राहते.

किती वर्षं चालेल हे नुसतं हार्डवेअरवर ठरत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यानंतरचे. मशीन या पिढ्यांचं किंवा त्यानंतरचं असूनही ‘चालणार नाही’ असं दिसत असेल तर बायोसमध्ये टीपीएम फक्त बंद ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने सापडतं. चालू करा आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ने पुन्हा तपासा. प्रोसेसरच जुना असेल आणि हार्डवेअर ठणठणीत असेल, तर ब्राउझर, पत्रव्यवहार, व्हिडिओ एवढ्याच कामासाठी लिनक्स मिंट टाकून ते मशीन सुरक्षितपणे वापरता येतं. सुरक्षेची अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

घरात कोणाचं पोट त्या मशीनवर अवलंबून आहे का, हेही हिशेबात धरा. मुलाचा प्रकल्प किंवा आईचं घरून चालणारं काम दर आठवड्याला अडत असेल तर त्या अडण्याची किंमत कुठल्याही बिलात दिसत नाही, पण ती कोणीतरी मोजतच असतं. अशा घरात बिघाडाचं मूळ सापडत नाही आणि मशीन जुनं आहे, एवढी दोन कारणं मला नवा घ्यायला पुरेशी वाटतात.

दुरुस्तीला देताना

वही बरोबर न्या. ‘नीट चालत नाही’ असं सांगण्याऐवजी ‘चालू केल्यावर वीस मिनिटांनी, व्हिडिओ लावला की क्षणात बंद पडतो, बायोसमध्येही पडतो’ असं सांगितलं तर चांगला कारागीर थेट मुद्द्यावर येतो. कुठला भाग खराब निघाला आणि तो कशावरून ठरवला, हे विचारा. नवा भाग विकत घेण्याआधी चालू भाग तात्पुरता लावून दाखवायला सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, मनापासून काम करणारे आनंदाने देतात. आणि आपल्या खात्याचा पासवर्ड देण्याऐवजी दुरुस्तीसाठी वेगळं खातं काढून द्या, बॅकअप झाला असेल तर डिस्कच काढून घरी ठेवा.

बदलायचं ठरलं तर

जुनी डिस्क लगेच पुसू नका. यूएसबीच्या डबीत घालून नव्या मशीनला जोडा आणि महिना-दोन महिने तशीच राहू द्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. राहून जातात ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, ईमेल प्रोग्रामच्या फायली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा थेट सी ड्राइव्हवर बसलेला फोल्डर, डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. सॉफ्टवेअरचं लायसन्स एकाच मशीनपुरतं असेल तर जुन्या मशीनवरून ते आधी मोकळं करा.

सगळं मिळाल्याची खात्री पटली की पुसायचं. क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही, फक्त यादी पुसली जाते आणि साध्या सॉफ्टवेअरने फोटो परत काढता येतात. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोजमधला पूर्ण फॉरमॅट, म्हणजे ‘क्विक’वरची खूण काढून केलेला, सगळीकडे शून्यं लिहितो आणि घरच्या गरजेला तेवढं पुरतं. एसएसडीसाठी तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला किंवा बायोसमधला सिक्युअर इरेझ वापरा. वाचताच न येणारी डिस्क असेल तर ती मशीनबरोबर विकू नका, काढून ठेवा आणि ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे नष्ट करायला द्या. लॅपटॉपची बॅटरीही घरच्या कचऱ्यात न टाकता तिथेच वेगळी द्यायची.